सिंगापूरचा वळसा आणि गोजाबाईचा पार

जव्हारच्या मुख्य रस्त्यावर हरेशच्या ‘गतिमान इंटरनेट’च्या अगदी नाकासमोर कुतुबुद्दीनचं ‘रौनक केबल आणि इंटरनेट’ होतं. मध्ये तीस पावलांचा रस्ता. रस्त्याच्या मधोमध उंबराचं झाड, झाडाला दगडी पार आणि पारावर गोजाबाईची चहाची चूल. ही तीस पावलं हरेशने सात वर्षांत एकदाही ओलांडली नव्हती. कुतुबुद्दीनच्या शेजारच्या सलूनमध्ये दाढी करायची असली तरी तो आपल्या बाजूने सरळ एसटी डेपोपर्यंत चालत जाई, तिथे रस्ता ओलांडी आणि पलीकडच्या बाजूने परत येई. येतानाही तोच कार्यक्रम. या प्रदक्षिणेमुळे त्याची तब्येत उत्तम राहिली होती, एवढाच त्या वैराचा फायदा.

वैराचं कारण फार क्षुल्लक होतं, म्हणून तर ते टिकलं होतं. दोन हजार साली हरेशने ‘जव्हारातील पहिले इंटरनेट’ असा बोर्ड रंगवायला टाकला. पेंटरने तो रंग वाळावा म्हणून दोन दिवस उन्हात ठेवला. त्या दोन दिवसांत समोर अक्षरशः तेच शब्द लिहिलेला बोर्ड लागला. गावात पेंटर एकच होता, आणि त्याला मजकूर एकच पाठ होता. हरेशने मग आपल्या बोर्डात ‘खरे’ हा शब्द वाढवून घेतला. कुतुबुद्दीनने ‘पहिले’च्या खाली दोन रेघा मारून घेतल्या. पुढे एका उंच ट्रकने रस्त्यावरच्या सगळ्या वायरी ओढून नेल्या, आणि नगर परिषदेने मुख्य रस्त्यावरून वायर न्यायला बंदी घातली. तेव्हापासून गावाची रीतसर फाळणी झाली. अलीकडची घरं हरेशची, पलीकडची कुतुबुद्दीनची. हरेशच्या गच्चीवर लोखंडी मनोरा होता. तिथून दोन टेकड्यांवर टप्पे घेत त्याचं इंटरनेट थेट मोखाड्यापर्यंत हवेतून जाई, याचा त्याला कोण अभिमान.

हरेशचं घर मात्र इंटरनेटवर नव्हे, बायकोच्या पगारावर चालत होतं. प्रतिभा मोखाड्याला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. तिथल्या गणिताच्या शिक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी होती. मुख्याध्यापकांनी बराच विचार करून एके दिवशी सांगितलं, “बाई, तुम्ही वृत्तांच्या मात्रा मोजता. मोजणारा माणूस कुठेही मोजू शकतो. दहावीचं गणित तुमच्याकडे.” प्रतिभाने घेतलं. नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती रोज घरी उदाहरणं घेऊन यायची आणि हरेशला तपासायला द्यायची. तिचं उत्तर एक यायचं, हरेशचं दुसरं, आणि पुस्तकाच्या मागे तिसरंच असायचं.

एकतीस मुली दहावीला बसणार होत्या. त्यांच्यातली फागी नावाची मुलगी हुशार होती. तिला नर्स व्हायचं होतं आणि तिने ते घरी सांगूनही टाकलं होतं. घरच्यांनी एवढंच म्हटलं होतं की पास झालीस तर शिक, नाहीतर दिवाळीनंतर आमच्याबरोबर वीटभट्टीवर चल. प्रतिभाला ते वाक्य विसरता येत नव्हतं. “माझ्या चुकलेल्या उत्तरापायी ती पोर विटा थापायला जाईल,” ती म्हणाली, आणि डोळे पुसायला आत गेली.

हरेशला बायकोने डोळे पुसणं हा प्रकार अजिबात सहन होत नसे. तो तिच्या मागोमाग आत गेला आणि नेहमीचं वाक्य बोलला. “ते माझ्यावर सोड.”

हे वाक्य तो बोलला की घरात काहीतरी मोडतं, असा प्रतिभाचा अनुभव होता. पण या वेळी योजना चांगली होती. कुतुबुद्दीनची मुलगी शायस्ता गणितात बी.एस्सी. होऊन जव्हारलाच शिकवत होती, आणि तिच्या हाताखालचा ढ मुलगाही बीजगणित गुणगुणत घरी जातो अशी तिची ख्याती. शाळा सुटल्यावर मोखाड्याला जायला जीप मिळाली तरी परत यायला मिळत नसे. म्हणून तिने आपल्या घरी कॅमेऱ्यासमोर फळा लावून शिकवायचं आणि मुलींनी मोखाड्याच्या शाळेत संगणकावर पाहायचं, असं ठरलं. शायस्ता एका पायावर तयार झाली. तिने बापाला विचारलं नाही, फक्त कळवलं.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी तास सुरू झाला. एकतीस मुली पडद्यासमोर मांडी घालून बसल्या. शायस्ताने काटकोन त्रिकोण काढला, कर्ण दाखवला, खडू उचलला आणि म्हणाली, “म्हणून...”

तिथे ती थांबली. तोंड उघडं, खडू हवेत. मुलींनी वहीत ‘म्हणून’ लिहिलं आणि वाट पाहिली. पाच मिनिटांनी कोणीतरी खुसखुसलं, तेव्हा फागीने तिला दटावलं, “गप बस, मॅडम विचार करतात.” वीस मिनिटांनी मॅडम एकदम तिसऱ्या उदाहरणावर उडी मारून गेल्या आणि पुन्हा पुतळा झाल्या. मुलींच्या वह्यांत त्या दिवशी फक्त ‘म्हणून’ राहिलं.

हरेशने संगणकाला विचारलं की मोखाड्याहून निघालेला निरोप शायस्ताच्या घरी कोणकोणत्या ठिकाणांवरून जातो. एकोणीस ओळींची यादी आली. जव्हार, ठाणे, मुंबई, चेन्नई, सिंगापूर, सिंगापुरातच आणखी दोन ठिकाणं, पुन्हा मुंबई, आणि शेवटी जव्हार. भानगड अशी होती की हरेश ज्या मोठ्या कंपनीकडून इंटरनेट घेई आणि कुतुबुद्दीन ज्या मोठ्या कंपनीकडून घेई, त्या दोघी देशात कुठेही एकमेकींना भेटत नव्हत्या. त्यांची गाठ पडायची ती परदेशात. हरेशने कागद छापून घरी आणला.

प्रतिभाने तो दोनदा वाचला. “म्हणजे अहो, शायस्ताचा त्रिकोण रोज सिंगापूरला जाऊन येतो? आणि मी सात वर्षं मोखाड्याच्या जीपला लटकते.” मग कागद घडी घालत म्हणाली, “तुम्ही दाढीला जाता, तसंच झालं की हे.”

हरेशने हे ऐकलं नाही असं दाखवलं. पण हा द्राविडी प्राणायाम थांबवायचा उपाय त्यालाही ठाऊक होता. दोन दुकानं समोरासमोर आहेत. ती एकमेकांना जोडली, गावातलं गावातच फिरवलं, की सिंगापूरची गरज काय? उपाय सोपा होता. त्यात अडचण फक्त समोरच्या माणसाची होती.

बातमी गावभर झाली आणि सल्ले येऊ लागले. आपल्याकडे सल्ला मागावा लागत नाही. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले की सगळे तास कागदावर लिहून पोस्टाने पाठवा, तिकीट लावलं की सिंगापूरला जायची भीती नाही. किराणावाल्याचं मत पडलं की सिंगापूरच्या लोकांनाच विनंती करून पाहावी. सर्वांत शहाणा सल्ला सलूनवाल्याचा होता, की शायस्तानेच हरेशच्या दुकानात बसून शिकवावं. हा सल्ला कुतुबुद्दीनच्या कानावर गेला मात्र, त्याने दाढी अर्धी सोडली. “माझी लेक इंटरनेटसाठी समोर जाणार? उद्या गिऱ्हाइकं म्हणतील, याच्या घरातच चालत नाही, तर आमच्याकडे काय चालणार. हे होणार नाही भाई.”

मग हरेशने हवेतला मार्ग धरला. अडगळीत इंटरनेट हवेतून पाठवायची एक जुनी तबकडी होती. ती त्याने गच्चीवर चढवून कुतुबुद्दीनच्या घराच्या दिशेने रोखली आणि खाली येऊन चहा मागितला. चहा उकळायच्या आत समोरच्या गच्चीवरून आरडाओरडा सुरू झाला. त्या गच्चीवर कुतुबुद्दीनची बायको राबिया आणि तिच्या दोन जावा सांडगे घालायला बसल्या होत्या. तबकडीचं तोंड थेट त्यांच्याकडे होतं. तो कॅमेरा आहे, असं पहिली जाऊ म्हणाली. दुसरीने तर त्यात माणूस दिसला असं सांगितलं. हरेशने स्वतः शिडी चढून तबकडी उतरवली. त्या वेळी खाली जमलेल्या पन्नास माणसांत त्याच्या वर्गातले तीन जुने मित्र होते, आणि तिघेही वर पाहून हसत होते. त्या प्रसंगानंतर चार दिवस हरेश दाढीलाही गेला नाही.

आता उरली वायर. दोन्ही दुकानांच्या वायरी ओढणारा माणूस एकच होता, सुकऱ्या. सकाळी तो हरेशकडे असे, दुपारनंतर कुतुबुद्दीनकडे, आणि इकडचं तिकडे कधी बोलत नसे. हरेशने त्याच्या हाती निरोप दिला, “सांग त्यांना, वायर आणून दिली तर मी जोडून घेईन.” सुकऱ्या गेला आणि उत्तर घेऊन आला, “ते बोलतात, गरज ज्याला त्याने वायर आणायची. ते जोडून घेतील.” हरेश म्हणाला, “गरज त्यांच्या मुलीला आहे.” सुकऱ्या गेला आणि आला, “ते बोलतात, शाळा तुमच्या बाईंची हाये.” मुद्दा असा होता की वायर जो नेईल तो मागणारा ठरणार आणि ज्याच्या दारात येईल तो देणारा. सात वर्षांनी मागणारा व्हायला दोघांपैकी कोणीच तयार नव्हता. तिकडे एकतीस मुली रोज संध्याकाळी पडद्यासमोर बसून पुतळा बघत होत्या, आणि दहावीची परीक्षा दीड महिन्यावर आली होती.

अकराव्या फेरीला सुकऱ्या पारावर बसला. गोजाबाईने त्याला चहा दिला आणि विचारलं, “तू सकाळपासून आसा का फिरतोस?” त्याने सगळं सांगितलं. गोजाबाई शिरपामाळाच्या बाजूची. तिने चुलीत काटकी सारली आणि दोन्ही दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सावड करा ना मंग. लावणीला आमी काय करतो? आज तुज्या शेतात मी, उद्या माज्या शेतात तू. मजुरी नाय, उपकार नाय. सावडीत कोन मोठा नि कोन धाकला? आन सावडीचं बोलनं कोनाच्या दारात नाय होत, बांधावर होतं. हा पार बांधच हाये तुमचा.”

मग हरेशने पाहिलं की कुतुबुद्दीन आपल्या पायरीवरून उतरतो आहे. आपणही उतरत आहोत, हे त्याला पंधराव्या पावलावर समजलं. पारावर दोघे शेजारी बसले, पण एकमेकांकडे न बघता, उंबराकडे बघत.

“कसे आहात?” कुतुबुद्दीन उंबराला म्हणाला.

“बरा आहे,” हरेशनेही उंबरालाच सांगितलं.

ठरलं असं की दोन्ही वायरी जोडणारा मधला डबा पारावरच ठेवायचा, कोणाच्याच दुकानात नाही. आपापल्या बाजूने आपापली वायर डब्यापर्यंत आणायची. मात्र एक नाजूक काम उरलं. आपल्याकडे गिऱ्हाइकांच्या संगणकांचे कोणकोणते पत्ते आहेत याची यादी एकमेकांना द्यावी लागणार होती, नाहीतर डब्याला कळणार कसं काय कुठे पाठवायचं? यादीवरून दोघांची गिऱ्हाइकं किती ते उघड होणार होतं. हरेश गावभर ‘चारशे’ सांगत असे. कुतुबुद्दीन ‘पाचशेच्या वर’. दुसऱ्या दिवशी दोघांनी एकाच क्षणी बंद पाकिटं एकमेकांच्या हातात दिली आणि एकाच क्षणी उघडली. हरेशच्या यादीत एकशे ब्याऐंशी पत्ते निघाले आणि कुतुबुद्दीनच्या यादीत एकशे एकोणऐंशी. दोघांनी कागद घडी घालून खिशात ठेवले.

“चांगलं आहे तुमचं,” कुतुबुद्दीन म्हणाला.

“तुमचंही,” हरेश म्हणाला. त्या दिवसापासून त्यांची मैत्री झाली असं गाव समजतं. नेमकं का झाली, ते गावाला आजही माहीत नाही.

रस्त्यावरून वायर न्यायला बंदी होती, म्हणून दोघे परवानगीला नगर परिषदेत गेले. तिथे मात्र सावड हा शब्द चालेना. कारकुनाने अर्ज उलटापालटा करून विचारलं, “वायर कोणाकडून कोणाकडे जाते?”

“दोन्हीकडून दोन्हीकडे,” हरेश म्हणाला.

“तसं नसतं. एक देतो, एक घेतो. पाणी बघा, वीज बघा. देणाऱ्याचं नाव इथे, घेणाऱ्याचं इथे.”

दोघेही एकदम म्हणाले, “घेणारा मी नाही.” कारकुनाने चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या खात्यात रस्त्यावरून काहीही टांगायला एकच छापील नमुना होता, तोरण-पताकांचा, आणि त्याची मुदत पंधरा दिवस. “निमित्त काय ते लिहा,” तो म्हणाला, “पताकांच्या दोऱ्यात काय गुंफलंय ते तपासायचा माझ्याकडे रकाना नाही.”

सव्वीस जानेवारीला उंबरापासून दोन्ही दुकानांपर्यंत तिरंगी पताकांची दोन तोरणं लागली. डबा बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या पेटीत घालून फांदीला बांधला होता आणि त्याला वीज गोजाबाईच्या दिव्यावरून घेतली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पहिला तास होता. तासासाठी मोखाड्यालाच मुक्कामाला राहिलेल्या प्रतिभाने हरेशच्या मोबाइलवर फोन केला. “अहो, पुन्हा पुतळा.”

हरेशचं डोकं फिरलं. त्याला वाटलं, पाकिटातल्या आकड्यावरून कुतुबभाईने डाव साधला. त्याच वेळी समोर कुतुबुद्दीनला वाटलं, हरेशभाऊंनी दगा दिला. दोघे एकदमच दुकानाबाहेर पडले, तरातरा पारावर पोचले आणि पेटी उघडली. आत डबा दिवे लुकलुकवत बसला होता. हरेशची वायर डब्यात होती. कुतुबुद्दीनची वायर नीट गुंडाळून, वर कागदाची पुडी बांधून, फांदीला टांगलेली होती.

“सुकऱ्या,” दोघांनी हाक मारली.

सुकऱ्या चहा टाकून उठला. त्याचा चेहरा निर्मळ होता. “आज हरेशभाऊंची पाळी हाये. उद्या सकाळी त्यांची काढीन नि कुतुबभाईंची घालीन. सावडीत दोघांच्या शेतात एका दिवशी कसं काम व्हनार?”

त्याचं म्हणणं खोडून काढणं सोपं नव्हतं. लावणीच्या हिशेबाने ते अगदी बरोबर होतं. शेवटी गोजाबाईनेच कपाळाला हात लावला. “आरं लावनी नाय ती. पाट हाये पाट. दोन शेतांना एकच पाट आसला तर एका बाजूला माती घालून ठेवतास का?”

“मंग आधी सांगायचं ना पाट म्हून,” सुकऱ्या म्हणाला, आणि त्याने पुडी सोडून वायर डब्यात खोचली.

मोखाड्यात पडद्यावरचा पुतळा हलला. प्रतिभाने फोन तसाच कानाला धरला होता, त्यामुळे पुढचं हरेशला आणि त्याला कान चिकटवून उभ्या राहिलेल्या कुतुबुद्दीनला, दोघांनाही ऐकू आलं. शायस्ताचा आवाज आला, “दिसते का मी?” एकतीस आवाजांनी हो म्हटलं. मग फागी उभी राहिली असावी, कारण तिचा आवाज जवळून आला. “मॅडम, त्या दिवशी तुम्ही ‘म्हणून’वर थांबलात. पुढे काय?”

कुतुबुद्दीनने खिशातून रुमाल काढला. हरेशला वाटलं त्याला शिंक आली असेल, म्हणून त्याने तिकडे बघितलं नाही, आणि स्वतःलाही रुमाल लागला तेव्हा कुतुबुद्दीननेही बघितलं नाही. पारावर बसून दोघांनी सगळा तास ऐकला. हरेशला प्रमेय पहिल्यांदाच समजलं. निरोपाच्या वाटेची यादी आता तीन ओळींची येऊ लागली. पहिली ओळ हरेशची, तिसरी कुतुबुद्दीनची, आणि मधल्या डब्याला नाव देताना सुकऱ्याने जे सुचवलं तेच ठेवलं होतं, त्यामुळे मधली ओळ ‘गोजाबाई’.

पंधरा दिवसांची मुदत मात्र कोणाला चुकली नाही. फेब्रुवारीत शिवजयंतीची भगवी तोरणं लागली. ती उतरायच्या आत मराठी भाषा दिन आला. प्रतिभाला त्याचं एवढं भरतं येईल असं शाळेत कोणाला वाटलं नव्हतं. मार्चात होळी, पाडवा, मग ईद-ए-मिलादच्या हिरव्या पताका, त्यांच्यामागे आंबेडकर जयंती आणि महाराष्ट्र दिन. ज्या पंधरवड्यात काहीच सापडेना, त्यात कुतुबुद्दीनने ‘हरेशभाऊंच्या लग्नाचा वाढदिवस’ लिहिला. खुद्द हरेशला तो आठवत नव्हता, त्या अर्जामुळे घरातलं एक मोठं संकट टळलं. परीक्षा झाली, तरी दोरा उतरला नाही. नववीच्या मुलींनी जागा पटकावली होती.

जूनमध्ये एका दुपारी कारकून खुद्द पाहणीला आला. पावसाची पहिली भुरभुर सुरू होती, पताका भिजून लोंबत होत्या. त्याने मान वर केली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, “हरेशभाऊ, पर्यावरण दिन होऊन पंधरवडा झाला. आता कोणता सण?”

हरेश उत्तर द्यायला उठला, पण समोरून राबिया पदर खोचून धावत येत होती आणि तिच्यामागे शायस्ता, हातात कागद. “निकाल लागला,” शायस्ता म्हणाली. पायरीवरून उतरून आलेल्या कुतुबुद्दीनने तिच्या हातातून कागद घेऊन वाचला. “गणितात एकतीसपैकी तीस पास. फागीला दीडशेत एकशे एकोणतीस.” एकतिसावी कमू, तीन गुणांनी राहिली होती. तिचा तास सोमवारपासून, असं शायस्ताने डोळे पुसता पुसता तिथेच जाहीर केलं.

प्रतिभाचा फोन आला. ती म्हणाली, “फागी वीटभट्टीवर जात नाही. तिचा बाप शाळेत आलाय, माझ्या पाया पडतोय, आणि मी त्याला सांगते आहे की गणित मी नाही शिकवलं. ऐकतच नाही तो.” आणि जरा वेळाने, “अहो, या वेळी काही मोडलं नाही.”

कारकून अजून उभाच होता. त्याने छापील नमुना काढला, पारावर ठेवला, आणि ‘निमित्त’ या रकान्यात स्वतःच्या हाताने ‘निकाल’ असं लिहिलं. मुदतीच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. गोजाबाईने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. त्याने घोट घेतला, आणि पंधरा दिवस खोडून ‘सावड चालू असेपर्यंत’ असं लिहून सही केली.

सावडीत काम झालं की जेवण घालायचं असतं, हे सुकऱ्याने दोघांना आठवण करून दिलं. त्या रविवारी पारावर पंगत बसली, हरेशकडची पुरणपोळी आणि कुतुबुद्दीनकडची बिर्याणी, आणि मोखाड्याहून जीपमधून उतरलेल्या एकतीस मुली. वाढता वाढता हरेश एकदा इकडे गेला, एकदा तिकडे, रिकामी भांडी घेऊन पुन्हा इकडे. किती वेळा रस्ता ओलांडला ते त्याने मोजलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो काही कामासाठी एसटी डेपोत गेला, तेव्हा तिथल्या पानवाल्याने काळजीने विचारलं, “हरेशभाऊ, तब्येत बरी आहे ना? दाढी तर झालेली दिसते, पण हल्ली तुम्ही इकडून जाताना दिसत नाही.”